कुठली पेटी?

जुलैतल्या एका शनिवारी सराव परीक्षेत माझे चार मार्क गेले, आणि पंधरा दिवस झाले तरी ते डोक्यातून जात नाहीत. बाहेर फोंड्याचा पाऊस. सकाळी आठला मी टेबलाशी बसले तेव्हा धरला होता, तो दुपारचे तीन वाजले तरी सोडायला तयार नव्हता. मधे दोनदा वीज गेली, दोन्ही वेळा इन्व्हर्टरने सांभाळून घेतलं. समोर लॅपटॉप, शेजारी वही, स्टीलच्या पेल्यात गार झालेला चहा. लॅपटॉपच्या पोटात वीसेक राउटर आणि स्विच, सगळे आभासी, पण त्याचा पंखा घुरघुरत होता तो मात्र खरा. कानात हेडफोन आणि हेडफोनच्या पलीकडे मडगावचा माझा मित्र. आम्ही दोघं दोन वर्षं सीसीआयईच्या, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्क इंजिनिअरांसाठीच्या वरच्या प्रमाणपत्राच्या, लॅब परीक्षेची तयारी करतोय. एका शनिवारी तो पेपर काढतो आणि मी सोडवते, पुढच्या शनिवारी उलट. पेपर काढणाऱ्याने आठही तास फोनवर थांबायचं, परीक्षेच्या हॉलमध्ये देखरेख करणारा प्रॉक्टर थांबतो तसं. अडलं तर त्याला विचारायची मुभा असते.

प्रश्न साधा होता. व्हीलॅन १० मधल्या यंत्रांसाठी पहिला स्विच हा ॲक्टिव्ह गेटवे असावा. तो बंद पडल्यास दुसऱ्या स्विचने त्याची जागा घ्यावी. त्यासाठी एचएसआरपी वापरावा. पेपर इंग्रजीतच असतो, मी इथं मराठीत सांगतेय. व्हीलॅन म्हणजे नेटवर्कमधला एक वेगळा कप्पा, गेटवे म्हणजे त्यातून बाहेर जायचं दार, आणि एचएसआरपी म्हणजे एक यंत्र बंद पडलं तर दुसऱ्याने ते दार सांभाळायची रीत. त्यात ज्याची प्रायॉरिटी मोठी तो ॲक्टिव्ह, दुसरा स्टँडबाय, म्हणजे राखीव. मी पहिल्याची प्रायॉरिटी ११० केली, दुसऱ्याची मुळातली १०० तशीच ठेवली, पहिला ॲक्टिव्ह आणि दुसरा स्टँडबाय झालेला पाहिला, वहीत टिक केली आणि पुढे गेले. संध्याकाळी तपासताना मित्राने पहिला स्विच बंद केला. दहा सेकंदांत दुसऱ्याने जागा घेतली. मग त्याने पहिला पुन्हा चालू केला. तो उठला, शेजारी कामाला लागलाय हे त्याने बघितलं आणि मुकाट्याने स्टँडबाय होऊन बसला. एचएसआरपीचा स्वभावच तसा आहे. परत आलेल्याने आपली जागा मागून घ्यायची असेल तर 'प्रीएम्प्ट' म्हणून एक ओळ वेगळी लिहावी लागते. व्हीआरआरपी नावाचा त्याचाच भाऊबंद आहे, तो न सांगता जागा परत घेतो. मी ती एक ओळ लिहिली नव्हती. चारपैकी शून्य.

मी भांडले. जागा परत घ्यावी असं प्रश्नात कुठं लिहिलंय ते दाखव, म्हटलं. तो म्हणाला, पहिला ॲक्टिव्ह असावा असं पहिल्याच वाक्यात आहे. मी म्हटलं, तो सुरुवातीला होताच की. तो म्हणाला, सुरुवातीला असावा असं नाही म्हटलेलं, असावा म्हटलंय. अर्धा तास आमचं हेच चाललं होतं. शेवटी तो थकला आणि आवाज खाली आणून कोकणीत म्हणाला, "तुवें विचारपाक जाय आशिल्लें." तू विचारायला हवं होतंस. हांव हांगाच आशिल्लों. मी इथंच होतो.

तो इथंच होता. आठ तास.

ही परीक्षा ज्यांनी दिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. १९९३ पासून ती चालू आहे आणि तिचा दरारा टिकून आहे तो पाठांतर तिथं कामाला येत नाही म्हणून. हल्लीच्या रूपात पहिले तीन तास नुसतं डिझाइन. समोर एकही यंत्र नाही. एका कंपनीची कागदपत्रं, कुणी कुणाला लिहिलेल्या मेल, आकृत्या, आणि त्यातून त्या लोकांना नेमकं काय हवंय ते ओळखायचं. एकदा उत्तर देऊन पुढे गेलं की मागे फिरता येत नाही. मग पाच तास प्रत्यक्ष बांधणी, दुरुस्ती, सुधारणा. आपल्याकडून जायचं तर बंगळुरू गाठायचं. रात्रीच्या बसने मोलेमवरून अनमोडचा घाट चढायचा. त्या बसची तिकिटं मी एकदा काढून रद्दही केली आहेत. तयारी नाही असं वाटलं. आता वाटतं, प्रोटोकॉलची तयारी तेव्हा बऱ्यापैकी झाली होती. मला वाचता येत नव्हतं.

कारण या पेपरांतली वाक्यं दिसतात सरळ. 'आर-२ कडची लिंक मुख्य समजावी.' समजावी कुणी? आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकने, की बाहेरून आत येणाऱ्याने? जाणाऱ्यासाठी लोकल प्रेफरन्स, म्हणजे त्या वाटेला आपण दिलेली पसंती, वाढवायचा, ते आपल्या हातात असतं. येणाऱ्यासाठी एएस पाथ, म्हणजे वाटेतल्या नेटवर्कांची यादी, लांबवून दाखवायचा किंवा मेड, म्हणजे शेजारच्या नेटवर्कला केलेली शिफारस, लावायचा, आणि शेजारी ते मनावर घेईल याची वाट बघायची. दोन्ही कामं वेगळी, ओळी वेगळ्या, तपासायची रीत वेगळी. किंवा 'स्टॅटिक रूट वापरू नये.' स्टॅटिक रूट म्हणजे हाताने लिहिलेली वाट. एकही नाही? पुष्कळ वाटांची मिळून एक समरी तयार करताना नल-झिरो नावाच्या कचरापेटीकडे टाकतात तो, जो कुणाला कुठं नेतच नाही, तोही नाही? नवखा माणूस अशा वाक्यांवर चिडतो. मी पुष्कळ चिडलेय. पेपर काढणाऱ्याला नीट लिहिता येत नाही, असं म्हणून फोन आपटलाय.

बाबा पेपर काढायचे तेव्हा आधी मला द्यायचे.

बाबा मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, फोंडा तालुक्यातल्याच एका गावात. सहामाही जवळ आली की रात्री जेवणं झाल्यावर पाठकोऱ्या कागदावर शाईच्या पेनाने प्रश्नपत्रिका लिहायचे. घराचं बोलणं आमचं कोकणी, लिहिणं-वाचणं, भजन-कीर्तन, नाटक सगळं मराठीत. गोव्यातल्या किती घरांत असंच आहे. बाबांच्या हातात पेन आलं की त्यांची बोली बदलायची. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. ते कागद माझ्यापुढे सरकवायचे आणि पेन्सिल द्यायचे. "उत्तरं लिहू नकोस हां. नुसतं वाच. जिथं अडशील तिथं खूण कर." मला ते मोठं मानाचं काम वाटायचं. मी पेन्सिल ओली करून एकेक शब्द वाचायचे आणि जिथं अडेन तिथं फुली मारायचे. ते फुली बघून कधी "का?" विचारायचे नाहीत. "तुला काय वाटलं?" असं विचारायचे. या दोन प्रश्नांत किती फरक आहे ते कळायला मला पुढची पंचवीस वर्षं लागली.

त्यातली एक गोष्ट मला स्पष्ट आठवते, कारण तो प्रश्न माझ्या नजरेतून सुटला होता. 'आमच्या गावची जत्रा या विषयावर दहा ओळी लिहा.' मी त्यावर फुली मारली नाही. मला त्यात अडण्यासारखं काहीच दिसलं नाही. परीक्षा झाली आणि बाबा उत्तरपत्रिका तपासायला बसले, कंदिलाजवळ, कारण त्याही रात्री वीज नव्हती. एका मुलाने मोठ्या टपोऱ्या अक्षरांत बरोबर दहा ओळी लिहिल्या होत्या. वाक्यं मोजली तर तीन. पहिलं वाक्य देवीच्या पालखीबद्दल, दुसरं खाज्यांच्या दुकानाबद्दल, तिसरं हरवलेल्या चपलेबद्दल. डाव्या समासात त्याने एक ते दहा आकडे घातले होते, दर ओळीला एक. बाबा बराच वेळ ते पान हातात धरून बसले. लाल पेन उचललं, खाली ठेवलं. मी म्हटलं, तीनच वाक्यं आहेत, फसवतोय तो. बाबा म्हणाले, "फसवणारा आकडे घालत नाही." आणि त्याला पूर्ण मार्क दिले. मग उठून कपाटातून मूळ प्रश्नपत्रिका काढली, 'ओळी' वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'वाक्ये'. पुढच्या वर्षीपासून आमच्या घरातून 'दहा ओळी' गेल्या त्या कायमच्या.

नेटवर्कच्या जगात एक जुना नियम आहे. १९८० साली टीसीपीचं, म्हणजे इंटरनेटवर माहिती नीट पोचवण्याच्या नियमांचं, वर्णन लिहिताना जॉन पोस्टेल यांनी तो घातला: आपण पाठवताना काटेकोर असावं, दुसऱ्याचं घेताना उदार. मी तो कॉलेजात वाचला तेव्हा मला बाबांचं ते लाल पेन आठवलं नव्हतं. आता दर वेळी आठवतं. २०२३ मध्ये त्या नियमाला धरून आणखी एक आरएफसी आली. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती लिहिलेला दस्तऐवज. तिचं म्हणणं असं की नुसतं उदार राहून भागत नाही. चुकीचं स्वीकारत गेलं तर चूक रुजते आणि पुढे तीच रीत होऊन बसते, म्हणून मुळातलं लिखाण दुरुस्त करत राहायला हवं. बाबांनी एकाच रात्री दोन्ही केलं होतं.

या 'असावा'चा मी इतका विचार केला आहे की आता तो शब्द परका वाटायला लागलाय. १९९७ च्या मार्चमध्ये स्कॉट ब्रॅडनर यांची आरएफसी २११९ आली, ती जेमतेम दोन-तीन पानांची. मस्ट म्हणजे काय, शुड म्हणजे काय, मे म्हणजे काय, एवढंच त्यात सांगितलंय. मस्ट म्हणजे पर्याय नाही. शुड म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण काय सोडतोय ते पुरतं समजून. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, आणखी एका आरएफसीला सांगावं लागलं की हे अर्थ मोठ्या लिपीत लिहिलेल्या शब्दांनाच लागू, बारीक अक्षरांतला शुड आपला रोजचा शुड. जगभरचे इंजिनिअर तीन शब्दांसाठी दोनदा बसले. आणि आपल्या मराठीत? 'त्याने यावे' यात आज्ञा आहे, विनंती आहे, इच्छाही आहे. 'तो घरी असावा' म्हटलं तर तो घरी असलाच पाहिजे की तो बहुधा घरी आहे, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय कळत नाही. आई 'दिवा लाव' म्हणते तेव्हा चालू करायचा असतो आणि 'दार लाव' म्हणते तेव्हा बंद. 'परवा' म्हणते तेव्हा परवा होऊन गेलेला की यायचा, ते क्रियापदावरून कळतं. घरात हे कधी अडत नाही, कारण घरात माणूस समोर असतो. त्याच्या आवाजाचा चढउतार, हातातली पळी, खिडकीबाहेर भरून आलेलं आभाळ, हे सगळं वाक्याला जोडूनच येतं. कागदावर वाक्य एकटं पडतं.

कामावर याची झळ मला एकदा चांगली बसलीय. डिसेंबरचा तिसरा आठवडा, किनाऱ्यावरचं एक हॉटेल, खोल्या भरलेल्या. त्यांच्याकडून मेल आली, 'जुनी लिंक आज बंद करावी.' हॉटेलात दोन लिंका होत्या. एक आधी बसवलेली, पण वर्षापूर्वी तिची केबल आणि वेग दोन्ही बदललेले. दुसरी नंतर आलेली, पण तिचं बिल त्यांना आता परवडत नव्हतं. जुनी कुठली? मी पणजीत ऑफिसात बसून विचार केला, तारखेप्रमाणे पहिली ती जुनी. इंटरफेसवर गेले, शटडाउन लिहिलं, एंटर दाबलं. कर्सर थांबला. मी त्याच लिंकवरून आत गेले होते. ज्या फांदीवर बसले होते तीच तोडली. दोन-तीन सेकंद वाटतं की नेट मंद आहे. मग पोटात खड्डा पडतो. मांडवीचा पूल ओलांडून त्या वाहनांच्या रांगेतून तिथं पोचायला मला पाऊण तास लागला. रिसेप्शनवर कार्डाची मशिनं बंद, माणसं सामान घेऊन उभी, आणि काउंटरवरची मुलगी रडवेली होऊन प्रत्येकाची माफी मागत होती. चूक माझी, माफी ती मागत होती. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून दूरच्या यंत्राला हात लावण्याआधी मी 'रिलोड इन १०' लिहिते. दहा मिनिटांत मी परत येऊन रद्द केलं नाही तर ते आपोआप पुन्हा सुरू होतं आणि सेव्ह न केलेला बदल पुसला जातो. यंत्राची सोय अशी झाली. पण त्या दिवशी एक फोन केला असता तर यातलं काहीच लागलं नसतं. फोन हातातच होता.

मी का केला नाही? हाच प्रश्न जुलैतल्या त्या शनिवारी रात्री पुन्हा आला, आणि या वेळी मी त्याला बाजूला सारू शकले नाही. मित्राशी भांडून फोन ठेवला, जेवले, आईची गोळी दिली, आणि पुन्हा तो पेपर घेऊन बसले. दुसरा प्रश्न वाचताना थांबले. त्यात लिहिलं होतं, व्हीलॅन १० साठी पहिला स्विच हा स्पॅनिंग ट्रीचा रूट असावा. तारांत चक्र होऊ नये म्हणून स्विच आपसात जे झाड ठरवतात ते स्पॅनिंग ट्री, आणि रूट म्हणजे त्याचं मूळ. तो मी सकाळीच सोडवला होता, पूर्ण मार्क. आता रूटचा स्वभाव उलटा. ज्याचा आकडा कमी तो रूट. बंद पडून परत आला तरी कुणाला न विचारता पुन्हा रूट होतो. म्हणजे माझ्या उत्तराप्रमाणे पहिला स्विच परत आल्यावर झाडाचं मूळ त्याच्याकडे जाणार आणि गेटवे दुसऱ्याकडे राहणार. खालच्या यंत्राचं प्रत्येक पॅकेट आधी पहिल्याकडे चढणार, मग दोघांमधल्या तारेवरून दुसऱ्याकडे, आणि मग बाहेर. घरात शिरून मागच्या दाराने शेजारी जाऊन रस्त्याला लागावं तसं. पेपर काढणाऱ्याच्या मनात काय होतं ते पेपरातच लिहिलेलं होतं, फक्त दुसऱ्या पानावर. अस्पष्ट वाक्य एकटं वाचायचं नसतं. त्याच्या आजूबाजूची वाक्यं त्याला धरून असतात.

पण ते सोडा. खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मी मित्राला दुसऱ्या दिवशी सांगितली. दुपारी उत्तर तपासताना मी स्वतःही पहिला स्विच बंद करून चालू केला होता. तो स्टँडबाय राहिलेला मला दिसला होता. मी एक क्षण थांबले होते. मग दुसऱ्याचा इंटरफेस जरा बंद-चालू केला, चित्र पूर्वीसारखं झालं, आणि टिक केली. म्हणजे वाक्याचे दोन अर्थ होतात हे मला दुपारीच कळलं होतं. त्यातला मी तो घेतला ज्यात माझं काम आधीच झालेलं होतं. विचारलं असतं तर कदाचित आणखी काम लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. हॉटेलच्या वेळीही तेच. मनात कुठंतरी शंका होती, पण जेवणाची वेळ झाली होती आणि एका अर्थाने काम दोन मिनिटांत उरकत होतं. वाक्य धूसर असलं की त्या धुक्यात आपण आपल्या सोयीची वाट धरतो, आणि पुढे खड्डा लागला की लिहिणाऱ्याला दोष देतो.

हे ऐकून मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आपण विचारण्याचाही सराव करू. आता आम्ही तो करतो. नियम त्यानेच घातला: 'याचा अर्थ काय?' असं विचारायचं नाही. प्रॉक्टर त्याला उत्तर देत नाही, प्रश्न पुन्हा वाचा म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे. आधी आपण काय समजलो ते सांगायचं. मला यातून दोन अर्थ दिसतात, पहिला घेतला तर स्विच परत आल्यावर असं होईल, दुसरा घेतला तर तसं होईल, मी दुसरा धरतेय, प्रश्नाच्या विरुद्ध तर जात नाही ना? एवढं बोलायला आधी दोन्ही अर्थ शेवटपर्यंत चालून बघावे लागतात. निम्म्या वेळा तिथंच उत्तर सापडतं. कधी कळतं की एकच उत्तर दोन्ही अर्थांना पुरतं, प्रीएम्प्टची ओळ पुरली असती तसं. उरलेल्या वेळा हात वर करायचा. पहिल्या शनिवारी माझ्या तोंडून वाक्य नीट निघेना. हेडफोनमधून तो थांबून राहिला आणि मग म्हणाला, "तुका कितें दिसता?" तुला काय वाटतं? मला एकदम बाबांची पेन्सिल आठवली आणि पुढचं बोलताच येईना.

आता पेटीबद्दल सांगते. ते सांगायचं नाही असं ठरवून मी हा लेख लिहायला घेतला होता.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या वर्षी त्यांनी एका वहीत घरच्या गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. बँकेचं पुस्तक कुठं, विहिरीच्या पंपाचा मेकॅनिक कोण, माडांचं पाडप कुणाला सांगायचं, चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीची लाकडी चौकट माळ्यावर कुठल्या कोपऱ्यात आहे. अक्षर शेवटी शेवटी थरथरतं, पण एकेक वाक्य पूर्ण, विरामचिन्हासकट. त्यात एक ओळ होती. 'पेटी देवळात द्यावी.' आमच्या घरात पेट्या दोन. एक हार्मोनियम, जी बाबा सोमवारच्या भजनाला वाजवत आणि पावसाळ्यात दमट होऊ नये म्हणून जुन्या चादरीत गुंडाळून ठेवत. आणि एक पत्र्याची पेटी, हिरव्या रंगाची, कडीला काथ्याची दोरी बांधलेली. तिच्यात त्यांच्या भजनांच्या वह्या, हाताने उतरवून घेतलेल्या नाटकांच्या नकला, पदांचे कागद आणि आणखी कितीतरी. तेराव्यानंतर आई आणि मी ती ओळ वाचली. मी म्हटलं, हार्मोनियमच असणार. आई काही बोलली नाही. पुढच्या सोमवारी भजनी मंडळातले काका आले आणि चादरीसकट पेटी घेऊन गेले. देवळात ती वाजते. बरी वाजते म्हणतात.

त्या शनिवारनंतर मी ती वही पुन्हा काढली आणि पहिल्या पानापासून वाचली, पेपर वाचतात तशी. आजूबाजूच्या ओळी काय सांगतात ते बघायला. एका पानावर लिहिलंय, 'पेटीचा भाता दुरुस्त करून आणला.' म्हणजे हार्मोनियम. मला हायसं वाटलं. आठ पानांनंतर, मे महिन्यातली नोंद, 'पेटी उन्हात ठेवली, वह्यांना कसर लागली होती.' म्हणजे पत्र्याची. शब्द तोच, अक्षर तेच. ज्या माणसाने एका 'ओळी'साठी प्रश्नपत्रिका बदलली त्याने दोन्हींना पेटी म्हटलं होतं, कारण घरात कधी अडलंच नाही. आई समोर असायची. मी समोर असायचे.

आणि मला हेही आठवलं की हार्मोनियमच असणार असं मी चटकन का म्हटलं. आमच्यापैकी कुणाला ती वाजवता येत नाही. हिरव्या पेटीत त्या पाठकोऱ्या प्रश्नपत्रिका आहेत, माझ्या पेन्सिलीच्या फुल्या असलेल्या. ती मला द्यायची नव्हती.

आईला हे सांगितलं तेव्हा ती बलकांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसून तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "त्यांनी भजनातल्या काकांना काही सांगितलं असेल की. दर सोमवारी तासभर बोलत बसायचे दोघं." दोन वर्षांत हे आम्हा दोघींना सुचलं नव्हतं. की सुचू दिलं नव्हतं.

परवा सोमवारी, म्हणजे होऊन गेलेल्या, संध्याकाळी मी काकांना फोन केला. बोलायचं ते आधी वहीत लिहून घेतलं होतं. म्हटलं, काका, बाबांनी लिहून ठेवलंय की पेटी देवळात द्यावी. मला त्यातून दोन अर्थ दिसतात. एक, हार्मोनियम, ती आम्ही दिली. दुसरा, त्यांच्या वह्यांची हिरवी पेटी. ती अजून माझ्या खाटेखाली आहे. मी पहिला अर्थ धरला, पण विचारून धरला नाही. तुमच्याशी ते कधी याबद्दल बोलले होते का?

पलीकडून आधी काहीच आलं नाही. काकांच्या मागे देवळात कुणीतरी सूर लावून बघत होतं. काळी चारची पट्टी, भाता जरा धापा टाकणारा. मला तो आवाज लांबूनही ओळखू आला.

"मात्शें रांव," काका म्हणाले. "उगडास करतां."

आठवून सांगतो म्हणाले. मी फोन कानाला लावून थांबले.